क्रूस सोसायचा की उचलायचा?

आमच्या सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात एक मामा आहेत. नाव छापत नाही, त्यांना आवडायचं नाही. पन्नाशी उलटलेली. मूळचे भुसावळकडचे. जातीनं मांग, धर्मानं ख्रिस्ती. बाप्तिस्मा त्यांच्या आज्यानं घेतला. तिसरी पाळी करून रविवारी सकाळी डोळे तांबारलेले असले तरी देवळात जातात, मग झोपतात.

मामांच्या पोरीच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. आज्याच्या शाळेच्या जुन्या दाखल्यावर 'हिंदू मांग' असं लिहिलेलं. फॉर्म भरून देणाऱ्यानं सल्ला दिला, "मामा, हेच लिहा. कोण पाहायला येतंय? एससीचा दाखला निघेल, फी माफ होईल." मामांनी त्याच्या हातातला पेन घेतला आणि धर्माच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ख्रिस्ती.

डब्याच्या सुट्टीत आम्ही पोरांनी मामांना फाडून खाल्लं. सगळ्यात जास्त मीच बोललो. म्हटलं, "तुमचा येशू एका गालावर मारलं की दुसरा पुढे करा म्हणतो. म्हणून तर तुम्ही असे राहिलात. बाबासाहेबांनी लढायला शिकवलं, तुमच्या पाद्र्यानं सोसायला शिकवलं." मामांनी भाकरी संपवली, डबा धुतला आणि आपल्या अहिराणीत एवढंच बोलले, "मी खोटं कसाले लिखू भाऊ? मना बाप ज्या नाववर मरना, ते नाव मी खोडू का?" आणि साच्याकडे निघून गेले.

मित्रांनो, त्या रात्री मला झोप आली नाही. मी दहावी नापास माणूस. जे शिकलो ते पुस्तकं मागून आणून, पाळी सुटल्यावर वाचून. माझ्या डोक्यात एकच प्रश्न भणभणत राहिला. मामा सोसत होते, की उभे राहिले होते? ह्या प्रश्नाच्या मागे लागून जे हाताला लागलं ते ह्या लेखात मांडतो. चुकलं तर कार्यकर्त्यांनी कान धरावा.

सोसणं दोन तऱ्हेचं

पहिलं सोसणं आपल्या आज्या-पणज्यांना तोंडपाठ होतं. मागच्या जन्मीचं पाप आहे, भोगा. गावकीनं मारलं, भोगा. विहिरीवर पाणी मिळालं नाही, भोगा. ह्या सोसण्यात मारणाऱ्याचं काहीच जात नाही. उलट मार खाणाराच स्वतःला गुन्हेगार समजतो.

दुसरं सोसणं वेगळं. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन आपली माणसं परतत होती तेव्हा सवर्णांनी त्यांना झोडपलं. डोकी फुटली. उलट मारायला हात शिवशिवत होते, तरी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरून धरलं. तो मार आपण भोगला म्हणायचं का? नाही. तो मार आपण पत्करला. पाणी आमचंही आहे हे सत्य सांगायचं होतं आणि सांगण्याची किंमत ठाऊक असून पाऊल टाकलं होतं. पहिल्या सोसण्यानं माणूस वाकतो. दुसऱ्यानं ताठ होतो.

आता येशूकडे बघू. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण आहे, ती मी नाकारत नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे, तो मामांनीच मला नंतर काढून दाखवला. येशूला पकडून महायाजकापुढे उभं केलंय. एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. येशू तिथं गाल पुढे करत नाही. तो जाब विचारतो, की मी चूक बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मारलंस का? पुढे रोमन सुभेदारापुढे तो सांगतो, की सत्याची साक्ष द्यायलाच मी जगात आलो. मग त्याला क्रूसावर ठोकतात. म्हंजे क्रूस हे पापाचं भोगणं नव्हतं. धर्माच्या ठेकेदारांना आणि सरकारला खरं सुनावल्याची ती सजा होती.

ही गोष्ट देवळात सांगताना पुष्कळदा पहिल्या तऱ्हेच्या सोसण्यात बसवून सांगितली गेली, आणि बाबासाहेबांचा राग नेमका तिथं होता.

बाबासाहेबांचा जाब

धुळ्याजवळ लळिंगचा लांडोर बंगला आपल्याला ठाऊक आहे. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि त्या बंगल्यात राहिले. दरसाल त्या तारखेला आपण तिथं जमतो. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला धर्मांतराची घोषणा होऊन तेव्हा दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. सगळे धर्मवाले त्यांच्या दाराशी येत होते.

लांडोर बंगल्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, १९३८ च्या जानेवारीत, ते सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोघांबद्दल त्यांना आदर होता, तो त्यांनी लपवला नाही. पण तिथंच ख्रिस्ती समाजाला त्यांनी आरसाही दाखवला. सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही समाज म्हणून कधी लढला नाहीत, आणि दक्षिणेत तर देवळातसुद्धा जात पाळता, असा त्यांचा जाब होता.

त्याच विषयावर त्यांचं इंग्रजी लिखाण त्यांच्या समग्र साहित्याच्या पाचव्या खंडात आहे. एका मित्रासोबत डिक्शनरी घेऊन बसून मी ते वाचलं. बाबासाहेबांचा मुद्दा असा : अस्पृश्य माणूस ख्रिस्ती झाला तरी झगडत का नाही? कारण त्याला शिकवलं गेलं की तुझी दुर्दशा तुझ्या जन्मजात पापामुळं आहे. भोवतालच्या समाजानं तुला चिरडलं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पापाची क्षमा मागितली की काम संपलं. मग गावाची रचना बदलायची गरजच काय उरली?

मित्रांनो, हा घाव वर्मी आहे. आधी कर्म म्हणून सोसायचं, मग पाप म्हणून सोसायचं. देव बदलला, पाठीवरचं ओझं तेच राहिलं. मामांना मी डब्याच्या सुट्टीत बोललो ते ह्याच्याच जोरावर. पण बाबासाहेबांचं वाक्य हातात घेऊन गरीब माणसाच्या डोक्यात हाणणं सोपं असतं. बाबासाहेबांनी हा जाब ख्रिस्ती माणसानं उभं राहावं म्हणून विचारला होता. आणि उभी राहिलेली माणसं त्या धर्मात नव्हती काय? होती.

मांगाची पोर आणि मिशनचं पत्र

१८५५ साल. पुण्याला फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांगाची पोर, मुक्ता साळवे. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. धर्माची पोथी आम्हाला बंद असेल तर आमचा धर्म कोणता, असा उघडा सवाल तिनं टाकला. हा निबंध त्या काळी छापला कुणी? 'ज्ञानोदय' नं. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली अहमदनगरला काढलेलं हे पत्र. १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत तो निबंध आला.

मिशनऱ्यांचा त्यात आपला हेतू होता, माणसं ओढायचा. असेना. पण मुक्ता त्या कागदावर पापाची क्षमा मागायला आली नव्हती. आमच्या दुःखाला कोण जबाबदार ते तिनं नाव घेऊन सांगितलं. ती ख्रिस्ती झाली नाही, पण ख्रिस्ती पत्राच्या पानावर सत्य कसं बोलायचं ते तिनं दाखवलं. त्यानंतर तीस वर्षांच्या आत, स्वतः ख्रिस्ती झालेल्या एका बाईनं ते बोलायला सुरुवात केली.

रमाबाई : तीन दरबारांत

पंडिता रमाबाईचं नाव काढलं की आपल्यातले काही जण तोंड फिरवतात. बामणीण! खरंय. जन्म १८५८ चा, घर चित्पावनाचं. बाप अनंतशास्त्री डोंगरे बायकोला संस्कृत शिकवणारा, घरदार घेऊन गावोगाव भटकत राहिला. दुष्काळात आई, बाप, बहीण उपासमारीनं खचून गेली. रमाबाई आणि तिचा भाऊ पायी फिरत १८७८ ला कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' म्हटलं. १८८० ला भाऊ मेला. त्याच साली तिनं बिपिन बिहारी मेधावी ह्या वकिलाशी रजिस्टर लग्न केलं. तो बामणांच्या हिशेबानं शूद्र. दोन वर्षांत तो पटकीनं गेला. पदरात तान्ही मुलगी. इथवरचं सगळं अंगावर कोसळलेलं दुःख. पुढचं दुःख मात्र तिनं स्वतः होऊन घेतलं.

पहिला दरबार आपल्या जातीचा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजच्या मठात तिनं बाप्तिस्मा घेतला. पुण्यात आग लागली. ज्या बाईच्या विद्वत्तेचं काल कौतुक होतं ती आज धर्मबुडवी झाली. तेव्हा तिच्या बाजूनं कोण उभं राहिलं? आपले जोतीराव. १८८५ च्या 'सत्सार' मध्ये फुल्यांनी रमाबाईची बाजू घेतली. बामणी धर्मातलं बाईचं हाल बघूनच शिकलेली बाई त्यातून बाहेर पडते, हे त्यांनी ओळखलं. जोतीरावांनी तिची जात पाहिली नाही, तिनं काय मोडलं ते पाहिलं. आपण तोंड फिरवण्याआधी एवढं आठवावं.

दुसरा दरबार गोऱ्या चर्चचा. इथं मला रमाबाई सगळ्यात जास्त पटली. बाप्तिस्मा झाला म्हंजे पोरगी आता ताब्यात आली, असं मठातल्या सिस्टरांना आणि बिशपांना वाटलं. जे मनाला पटलं नाही ते चर्चचं तत्त्व म्हणून कबूल करायला तिनं नकार दिला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. तिनं विचारलं, लॅटिनच का? आमची संस्कृत भाषा कमी पवित्र आहे काय? ती कॉलेजात पुरुषांना शिकवणार हे ऐकून हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तर तिनं त्यांनाही ऐकवलं. तिचं म्हणणं असं, की बामण पुरोहिताचं जू फेकून मी आले ते दुसऱ्या पुरोहिताचं जू मानेवर घ्यायला नाही. परक्या देशात, त्यांच्याच छपराखाली, पोर कडेवर असताना हे बोलायला काय छाती लागत असेल!

१८८९ ला मुंबईला विधवांसाठी तिनं शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिच्या प्रार्थनेला मुली बसतात म्हणून १८९३ ला 'केसरी' नं झोड उठवली. रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. तिनं प्रार्थना लपवली नाही. खोलीचं दार उघडं ठेवून केली. लपवली असती तर सदन शांतपणे चाललं असतं. आमच्या मामांच्या फॉर्मचीच ही गोष्ट नाही काय?

तिसरा दरबार सरकारचा. १८९७. पुण्यात प्लेग. ह्याच प्लेगात आपली सावित्रीमाई आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेली आणि १० मार्चला स्वतः गेली. त्याच दिवसांत रँडचे सोल्जर घरात घुसून बायाबापड्यांना तपासायला ओढून नेत होते. रमाबाईच्या आश्रमातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली, ती परत मिळाली नाही. त्या इस्पितळांत बायांची अब्रू सलामत नाही, असं रमाबाईनं 'बॉम्बे गार्डियन' ह्या ख्रिस्ती पत्रात मे महिन्यात छापून टाकलं. राज्य ख्रिस्ती लोकांचं, पत्र ख्रिस्ती लोकांचं आणि लिहिणारी ख्रिस्ती. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटात निघालं. गव्हर्नर सँडहर्स्टनं आरोप झटकून टाकले. आपल्याच धर्माच्या सरकारचा रोष घेऊन तिला काय मिळणार होतं? काही नाही. पण बाई बोलून चुकली होती, आणि बोललेलं छापून गेलं होतं.

तिचं खोटं कौतुक मी करणार नाही. शारदा सदनात बामण विधवांना सोवळं-ओवळं पाळू दिलं जायचं. महार-मांगांच्या वस्तीत गाव बदलायला ती लढली, असंही नाही. पण १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून तिनं शेकडो भुकेल्या पोरी उचलून केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या, तेव्हा जात विचारली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून तिनं अडाणी बाईला कळेल अशा मराठीत बायबल केलं. ५ एप्रिल १९२२ ला ती गेली. जात, चर्च, सरकार तिघांपुढेही ती तीच बोलली. माझ्या लेखी क्रूस उचलणं म्हंजे हे.

कागदावरचा क्रूस

आता म्हणाल, रमाबाईला विलायत-अमेरिकेतून मदत होती. भुसावळच्या मांग ख्रिस्त्याचं काय?

त्याचा क्रूस कायद्याच्या कागदावर आहे. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलं, की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ ला त्यात शीख आले. आपण बौद्ध कधी आलो? १९९० ला. म्हंजे दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या बापजाद्यांना केंद्राच्या दारात चौतीस वर्षं बाहेर उभं केलं होतं. त्या काळात आपल्या लोकांनाही हाच सल्ला मिळायचा : कागदावर हिंदू महार लिहा, कोण बघतंय? किती जणांनी पोटासाठी लिहिलं आणि किती जणांनी 'बौद्ध' लिहून नुकसान सोसलं, ते आपापल्या घरात विचारा. माझ्या आज्यानं 'बौद्ध' लिहिलं होतं. त्याची गोष्ट आम्ही छाती फुगवून सांगतो. मामांनी तेच केलं तर आम्ही त्यांना फाडून खातो. हा कुठला न्याय?

ख्रिस्ती दलित आणि मुसलमान दलित १९९० नंतरही बाहेर राहिले. मद्रासच्या फुटपाथवर चपला शिवणारा सुसाई नावाचा ख्रिस्ती चांभार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. सरकारनं फुटपाथवरच्या चांभारांना टपऱ्या फुकट दिल्या, पण त्याला ख्रिस्ती म्हणून वगळलं. १९८५ ला कोर्टानं सांगितलं, की धर्म बदलल्यावरही जातीची पीडा तेवढीच जाचक राहते हे आधी सिद्ध करा. जो माणूस रोज लोकांच्या पायाशी बसून टाके घालतो त्यानं आणखी काय सिद्ध करायचं होतं? २००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. २०२२ ला सरकारनं त्याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला, माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा.

आपल्या खान्देशात हा अन्याय नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नवापूर-चिंचपाड्याकडे जा. तिथं मिशनचं जुनं इस्पितळ आहे, आदिवासींत ख्रिस्ती पुष्कळ. तो आदिवासी ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीतच राहतो, कारण जमातीला धर्माची अट नाही. आणि असायलाही नको. पण भुसावळचा मांग त्याच येशूपुढे गुडघे टेकतो आणि त्याची अनुसूचित जात पुसली जाते. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात बसवतात, पण अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याचं कवचही गेलं. गावातला पाटील त्याला शिवी देताना बायबल तपासत नाही. शिवी जुनीच देतो.

म्हातारा फादर

परवाचीच म्हणावी अशी एक गोष्ट सांगतो. १ जानेवारी २०१८ ला भीमा-कोरेगावला आपल्या माणसांवर दगडफेक झाली. त्या नावाच्या खटल्यात ८ ऑक्टोबर २०२० ला एका जेझुइट फादरला रांचीहून उचलून आणलं. स्टॅन स्वामी. वय ८३. झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी आणि वर्षानुवर्षं तुरुंगात सडणाऱ्या आदिवासी पोरांसाठी त्यांनी काम केलेलं. अटकेच्या दोन दिवस आधी त्यांनी रेकॉर्ड करून ठेवलं होतं, की मी गप्प राहून तमाशा बघणारा नाही आणि त्याची जी किंमत असेल ती मोजायला तयार आहे.

तळोजा जेलात कंपवातानं हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. नळीचा पेला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला मुंबईच्या इस्पितळात कैदी म्हणूनच ते गेले. जामिनाचा अर्ज पडून होता. खटला उभाच राहिला नव्हता, आरोप शाबीत होणं तर लांबच.

ह्या फादरनं कुणाला 'सोसा, तुमचं पाप आहे' असं सांगितलं नाही. दुसऱ्याचं दुःख कमी व्हावं म्हणून खरं बोलला आणि त्याची सजा स्वतःच्या थरथरत्या हातांवर घेतली. १९३८ ला सोलापुरात बाबासाहेबांनी जो जाब विचारला होता, त्याला हे एक उत्तर आहे. फार उशिरा आलेलं. आणि एकट्याचं. समाजाचं उत्तर अजून बाकी आहे.

आपल्याकडे काय निघतं?

मी बौद्ध आहे. देव, स्वर्ग, पापक्षमा हे मला पटत नाही, उद्याही पटणार नाही. बुद्धानं सांगितलं की दुःखाला कारण आहे आणि ते कारण काढून टाकता येतं. माझं मन तिथं स्थिर आहे. पण कारण काढायला जो हात घालतो त्याचा हात भाजतो, हे बुद्धाच्या वाटेवरही खरं आणि क्रूसाच्या वाटेवरही खरं. भाजणारा हात कुठल्या धर्माचा हे बघत बसलो तर विस्तव तसाच राहील.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. १९५० च्या आदेशातली धर्माची अट निघाली पाहिजे, ही मागणी आपल्या मोर्च्यात असली पाहिजे. आपला वाटा कमी होईल ही भीती काही जण घालतील. १९९० च्या आधी आपल्याबद्दलही लोक हेच बोलत होते. आणि ख्रिस्ती भावंडांनाही सांगणं आहे : देवळात महार बाक, मांग बाक असेल तर आधी तो मोडा. सोसा म्हणणाऱ्या पाद्र्याला योहानातला तो थोबाडीतला प्रसंग वाचून दाखवायला सांगा.

मामांच्या पोरीला कॉलेजात प्रवेश मिळाला. फी भरायला मामांनी फंडातून कर्ज काढलं, हप्ता पगारातून कापला जातो. मी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "माफी नको, भाऊ. एक पाळी बदलून दे. पोरले कॉलेजमा पोचाडनं शे." मी दिली.

येत्या ३१ जुलैला लळिंगला जाताना मामांना सोबत चला म्हटलंय. येतो म्हणालेत. ख्रिस्ती म्हणूनच येणार आहेत.